सात दिवसांच्या मुदतीचा साबण

वहिनींच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण राहून जायला आधी विसरावं लागतं, आणि निवृत्त ग्रंथपाल ते पत्र एक दिवसही विसरले नव्हते. चौदा महिने ते टेबलाच्या वरच्या खणात पडून होतं. तो खण उघडण्याआधी ते दर वेळी घसा खाकरत. जणू आत कुणी वडीलधारं माणूस बसलेलं आहे.

पत्र एका पानाचं होतं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या.

'भाऊजी, बसल्याबसल्या जुनं आठवत असते. सगळं सापडतं, एक गोष्ट सापडत नाही. तुम्ही लहान होतात तेव्हा आपल्या घरात एक जांभळा साबण असे. त्याच्या कागदावर लव्हेंडर लिहिलेलं होतं, ते तुम्हीच मला वाचून दाखवलं होतंत. त्याचा वास कसा होता हो? आणि रंग फिका होता की गडद? मला काही केल्या आठवत नाही. तुम्हाला सगळं आठवतं. सवडीने कळवा, घाई नाही.'

ग्रंथपाल नऊ वर्षांचे होते तेव्हा एकोणीस वर्षांच्या वहिनी त्या घरात आल्या. घरात आई नव्हती, वडील बोलत नसत, आणि मोठा भाऊ दिवसभर कामावर. त्या घरातल्या नाक गळणाऱ्या, शाईने बोटं भरलेल्या पोराला वहिनींनी पहिल्याच दिवशी 'अहो भाऊजी' म्हणून हाक मारली. पोराने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. त्याआधी त्याला घरात 'अरे' म्हणत, गल्लीत 'ए' म्हणत आणि शाळेत जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता तो पोरगा शहात्तर वर्षांचा होता, वहिनी शहाऐंशीच्या, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक प्रश्न विचारला होता.

अडचण एवढीच होती, की त्याला काही आठवत नव्हतं.

हे लिहायला काय हरकत होती, असं कुणी विचारील. विचारणारा ग्रंथालयाच्या काउंटरमागे चाळीस वर्षं बसलेला नसणार. त्या चाळीस वर्षांत ग्रंथपालांनी कुणालाही 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. ते 'बघून सांगतो' म्हणत, आणि खरोखरच बघून सांगत. एकदा एका गृहस्थांना त्यांनी सहा वर्षांनी उत्तर दिलं होतं. गृहस्थ प्रश्न विसरले होते, पण उत्तर बरोबर होतं.

तेव्हा पत्र आलं त्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, बघून लिहू. दुकानांतून मिळतील तेवढे लव्हेंडरचे साबण आणून हुंगले. एकाला लिंबाचा वास येत होता, एकाला फरशी पुसायच्या औषधाचा, आणि एकाला कसलाच नाही. यात महिना गेला. महिन्यानंतरच्या उत्तरात दिलगिरी लागते. सहा महिन्यांनंतर नुसती दिलगिरी पुरत नाही, कारण लागतं. वर्ष उलटलं की कारणानेही भागत नाही, एखादी घटनाच घडावी लागते. ग्रंथपालांच्या आयुष्यात घटना कमी होत्या.

मग एके दिवशी पुतण्याचा फोन आला.

"काका, आईला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मीच बोलतोय. ती रोज पोस्टमनची वाट बघते."

"अरे, मी लिहिणारच होतो..."

"नाही नाही, तक्रार नाहीये! उलट ती सगळ्यांना सांगते, भाऊजी शोधतायत. सापडल्याशिवाय लिहायचे नाहीत. अर्धवट उत्तर द्यायची त्यांना सवयच नाही."

ग्रंथपालांनी फोन खाली ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. शिव्या ऐकून माणूस निदान जेवू शकतो. विश्वास गिळायला फार जड.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. आपण घरी साबण करू या."

बायको भाजी निवडत होती. तिने देठ मोडला, बाजूला टाकला आणि मगच वर पाहिलं. "दुकानांतले संपले का?"

पण ग्रंथपालांच्या मनात एक शास्त्र होतं. पुस्तकाचं नाव आठवत नसेल तर ते शोधायची एकच रीत असते. फडताळापुढे उभं राहायचं आणि एकेक काढून बघायचं. हवं ते हाताला लागलं की हातच सांगतो. तसंच वास थोडा-थोडा बदलत, रंग थोडा-थोडा बदलत साबण करत गेलं, तर कुठे ना कुठे नाक म्हणेल, थांब, हाच! एका जुन्या गृहोपयोगी पुस्तकात कृती होती. तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. तीनच जिन्नस. तीन जिन्नसांत किती बिघडणार?

कॉस्टिक सोड्याच्या दुकानात एक फॉर्म भरावा लागला. 'प्रयोजन' या रकान्याखाली तीन चौकोन होते: तुंबलेली मोरी, कारखाना, शिक्षण.

"मोरीवर खूण करा आणि घेऊन जा," दुकानदार म्हणाला.

"पण आमची मोरी तुंबलेली नाही."

"काका, सगळे मोरीच लिहितात."

"हो, पण पुढे कुणी या फॉर्मांवरून अभ्यास केला, तर त्याला वाटेल की या भागातल्या सगळ्या मोऱ्या एकाच वर्षी तुंबल्या होत्या."

दुकानदाराने सोड्याची पिशवी पुन्हा मागे ठेवली. एवढं विचित्र गिऱ्हाईक सोडा घेऊन काय करील याची त्याला आता खरोखरच काळजी वाटू लागली असावी. "मग असं करा," तो म्हणाला, "तुमच्या सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा."

खरं बोलणाऱ्या माणसाला जगात एक कागद नेहमीच जास्त लागतो.

सोसायटीचे सेक्रेटरी हे अतिशय न्यायी गृहस्थ होते. त्यांना कुठल्याही गोष्टीत घाईने 'हो' म्हणणं हा बाकीच्या सभासदांवर अन्याय वाटे. त्यांनी उपविधींचं पुस्तक काढलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

"यात साबण नाही," शेवटी ते म्हणाले.

"मनाईही नाही ना?"

"मनाई नाही म्हणजे परवानगी आहे, असं धरून चाललं तर उद्या दुसऱ्या मजल्यावर कुणी वाघ पाळील."

वाघाचा आणि आपला असा एकत्र उल्लेख आजवर कुणी केला नव्हता, त्यामुळे ग्रंथपाल जरा सुखावलेही. अखेर पत्र मिळालं. साबण गॅलरीत करायचा, वाफ शेजारच्या गॅलरीत जाऊ द्यायची नाही, आणि तयार मालाचा नमुना समितीपुढे ठेवायचा, या अटींवर.

जिन्यात उभं राहून काढलेलं पत्र सगळ्या इमारतीला कळतं. संध्याकाळच्या आत वरच्या मजल्यावरच्या रसायनबाई हजर झाल्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर कुणी काही विचारीना म्हणून त्या फार दुःखी होत्या. येताना त्यांनी डोळ्यांना लावायचा जाड चष्मा, रबरी हातमोजे आणि एक काचेची कांडी आणली.

"सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यात नाही. म्हणा."

"सोडा पाण्यात."

"पुन्हा."

"सोडा पाण्यात, बाई."

बायको दारात उभी होती. "लग्नातसुद्धा इतकं आज्ञाधारकपणे बोलला नव्हतात," ती म्हणाली.

रंगासाठी ते तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले. "लव्हेंडर हवा? कुठला?" असं म्हणून शिंप्याने कापायच्या टेबलावर सात रिळं ओळीने मांडली. ग्रंथपालांना सातही सारखी दिसली. शिंप्याने त्यांची ओळख करून दिली, मुलींची करून द्यावी तशी. "ही अस्तराची. ही शाळेच्या गणवेशाची. ही जरा राखाडीकडे जाते, स्वभावानेच तशी आहे. आणि ही एका बाईंनी मुद्दाम मागवली, पण त्या परत आल्याच नाहीत." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, रंगात तडजोड करू नका. एक छटा चुकली की अख्खं कापड वाया."

ग्रंथपालांनी न आलेल्या बाईंचं रीळ निवडलं. त्यांना तिच्याबद्दल उगाचच आपुलकी वाटली. तिचंही कुणाला तरी उत्तर द्यायचं राहिलं असणार.

पहिला घाणा जांभळ्या कोबीच्या रसाचा. रस उकळून गाळला तेव्हा तो अगदी रिळाच्या रंगाचा झाला. ग्रंथपालांनी रीळ शेजारी धरून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मग तो रस साबणात ओतला. साबण आधी हिरवा झाला. ग्रंथपाल ढवळत राहिले. मग तो पिवळा झाला, आणि पिवळाच राहिला.

"अपेक्षितच होतं," रसायनबाई म्हणाल्या. "सोड्यामुळे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"प्रयोगातून शिकलेलं लक्षात राहतं."

दुसरा घाणा बिटाचा. तो सुरुवातीला इतका सुंदर गुलाबी दिसला की बायकोसुद्धा बघायला आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याची वीट झाली. तिसऱ्या वेळी ग्रंथपालांनी ठरवलं, रंगाची लबाडीच नको. खऱ्या लव्हेंडरची वाळलेली फुलं मिळतात, तीच वरून पेरावी. त्यांनी फुलांचं पाकीट उघडलं. पुस्तकांतून त्यांनी ही फुलं शंभर वेळा पाहिली होती, डोंगरच्या डोंगर व्यापून असलेली. प्रत्यक्षात ती जिऱ्याएवढी होती. माणसं पुस्तकांबाहेर नेहमी लहान निघतात हे त्यांना माहीत होतं. फुलांचंही तसंच असेल असं वाटलं नव्हतं.

तरी त्यांनी ती वड्यांवर छान दाबून बसवली. चार दिवसांनी सकाळीच गॅलरीतून बायकोची किंकाळी आली.

"उंदीर! अहो, उंदीर! सगळ्या साबणावर घाण करून गेलाय!"

ओल्या साबणात फुलं काळपट तपकिरी पडतात. त्यांचा आकार बघता बायकोचा काहीच दोष नव्हता. पण किंकाळी दोन मजले वर आणि दोन मजले खाली गेली होती, आणि सेक्रेटरी तत्पर होते. नऊच्या ठोक्याला फळ्यावर सूचना लागली: 'इमारतीत उंदीर आढळून आला आहे.' अकरा वाजता पाठीवर पंप लावलेली दोन माणसं आली आणि त्यांनी सोळाच्या सोळा घरांची स्वयंपाकघरं रिकामी करवली. ग्रंथपाल भांडी काढून देणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधून खाली गेले.

"ती फुलं होती," ते सेक्रेटरींच्या कानाशी म्हणाले.

सेक्रेटरी विचारात पडले. "सूचना मागे घ्यायची तरतूद नाही," ते म्हणाले. "आणि आता उंदीर नसला तरी येणार नाही, हा फायदाच धरा."

त्या दिवशी ग्रंथपाल पुस्तक उघडं धरून नुसते बसून राहिले. सोळा घरांचे डबे, पिठं, मसाले ओट्यांवर निघालेले त्यांना दिसत होते. एका माणसाला एक गोष्ट आठवत नाही, म्हणून एवढं? पण दुपारी रसायनबाई आल्या, त्यांच्या हातात रतनजोतीच्या मुळ्या होत्या. स्वतः चार दुकानं फिरून त्यांनी आणल्या होत्या. "ही तेलात भिजवा," त्या म्हणाल्या. "तेल लाल होईल, घाबरायचं नाही. साबणात ती जांभळी होते." आणि जाता जाता भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या डब्यात दोन वर्षांपूर्वीची डाळ निघाली. एरवी कळलंच नसतं. बरं झालं एका अर्थी."

रतनजोत खरोखरच जांभळी झाली. कमीजास्त प्रमाणात तिच्या चार छटा साधल्या. लव्हेंडर तेलं तीन तऱ्हेची मिळाली: एक गोडसर, एक कापरासारखं झोंबणारं आणि एक असं की बाटली रिकामी आहे की काय अशी शंका यावी. चार त्रिक बारा. बारा वड्या घाटल्या, कापल्या, आणि मुरायला सहा आठवडे फडताळात मांडल्या. त्यासाठी शब्दकोशांना पलंगाखाली जावं लागलं. प्रत्येक वडीला क्रमांक दिला, प्रत्येकीचं एक कार्ड केलं: वास, छटा, तारीख, शेरा. चाळीस वर्षांची सवय. ग्रंथपालांना तो आठवडा फार सुखाचा गेला.

सहा आठवड्यांनी ते नाक घेऊन फडताळापुढे उभे राहिले. पहिली वडी, दुसरी, तिसरी. सातवीपर्यंत नाक बधिर झालं. आठवीला त्यांना पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास आला. नववीलाही खळीचाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, पुन्हा खळी.

एका नाकाने काम होणार नव्हतं. तेव्हा ग्रंथपालांनी त्यांना येणारी एकमेव गोष्ट केली. वड्या वाचकांना द्यायच्या ठरवल्या.

हा निर्णय त्यांना अगदी साधा वाटला होता. प्रत्येक वडीच्या डबीला आतून कागदी खिसा लावला, खिशात कार्ड ठेवलं. घेणाऱ्याने सही करायची, सात दिवस वापरायची, मुदतीत परत आणायची आणि कार्डावर अभिप्राय लिहायचा. इमारतीतल्या लोकांनी आनंदाने रांग लावली. उंदरामुळे त्यांची ओळख वाढलेलीच होती. फुकट साबणाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि सही करून साबण न्यायची तर गंमतच वेगळी.

सात दिवसांनी वड्या परत येऊ लागल्या आणि ग्रंथपाल हादरले. त्या बारीक झाल्या होत्या. वापरून साबण झिजतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण वाचून पुस्तक पातळ झालेलं त्यांनी हयातीत पाहिलं नव्हतं. क्रमांक चार तर नखाएवढी होऊन आली.

"हे काय?" त्यांच्या तोंडून गेलं.

"आमच्याकडे सातजण आहेत, काका," नेणारी बाई म्हणाली. "सगळ्यांनी आवडीने वाचली."

क्रमांक दोन सेक्रेटरींकडे होती आणि अकरा दिवस झाले तरी परत येत नव्हती. ग्रंथपालांनी भीत भीत स्मरणपत्र पाठवलं. कार्ड तेवढं आलं. त्यावर लिहिलं होतं: 'नमुना समितीपुढे ठेवला. रंगाबाबत एकमत झाले नाही. चर्चेदरम्यान नमुना संपला.'

बाकीचे अभिप्राय त्यांनी टेबलावर पसरले. रसायनबाईंनी लिहिलं होतं, 'सोडा योग्य प्रमाणात मुरला आहे. वास हा माझा विषय नाही.' बायकोने लिहिलं होतं, 'कपाटाचा वास येतो. कुठल्या ते आठवत नाही.' आणि मग तीन कार्डं अशी होती की ग्रंथपाल उठून उभेच राहिले. क्रमांक एकवर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी लिहिलं होतं, 'हाच! आमच्या घरी हाच असे.' क्रमांक सहावर चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी: 'हाच तो, माझ्या आत्याकडचा. रडू आलं.' क्रमांक अकरावर आणखी एकाने: 'शंभर टक्के हाच.'

तिन्ही वड्यांचे वास वेगळे होते. तिन्ही छटा वेगळ्या होत्या. प्रत्येकाला आपल्या घरचा साबण मिळाला होता. फक्त ग्रंथपालांच्या घरचा तेवढा मिळाला नव्हता.

शेवटचं कार्ड शिंप्याचं होतं. रंगाबद्दल खात्रीचं मत फक्त तोच देऊ शकणार होता, म्हणून त्यांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यावर एवढंच होतं: 'वास चांगला. रंग सांगता येत नाही. अंघोळीला जाताना चष्मा काढून जातो.'

ग्रंथपाल खुर्चीत बसले. त्यांना हसू आलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. चौदा महिन्यांचे आता सतरा झाले होते. आपल्याला कधीच आठवणार नाही, हे त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं. सगळी इमारत कामाला लावून, बारा वड्या झिजवून कळलं. वहिनी तिकडे सगळ्यांना सांगत होत्या, भाऊजी शोधतायत.

त्यांनी उरलेले तुकडे, कापताना पडलेल्या चकत्या गोळा केल्या. सगळ्या रंगांचे, सगळ्या वासांचे. थोडं पाणी लावून ते त्यांचे गोळे वळत बसले. टाकून देववेना एवढ्यासाठीच. रतनजोतीच्या चकत्या जरा जास्त होत्या. पाहता पाहता त्यांची दहाही बोटं जांभळी झाली.

"हे काय करून घेतलंत!" बायको म्हणाली. "चला इकडे. आता या हातांनी उद्या शब्दकोश धराल."

तिने त्यांना नळापाशी नेलं, एक गोळा घेतला आणि त्यांची बोटं घासायला सुरुवात केली. एकेक करून, नखांच्या कडेने, जरा जोरातच. पाणी गार होतं. ग्रंथपाल खाली मान घालून उभे होते.

"आता दुसरा द्या," बायको म्हणाली.

ग्रंथपालांनी हात दिला नाही.

"काय झालं? लागलं का?"

"नाही," ते म्हणाले. "आठवलं."

"वास?"

"वास नाही."

त्यांनी ओले हात तसेच सदऱ्याला पुसले, टेबलाशी गेले आणि घसा न खाकरता खण उघडला. सतरा महिन्यांत त्यांनी या पत्राच्या उत्तराचे एकवीस कच्चे खर्डे केले होते, एकात तर तळटीपा होत्या. हे उत्तर पाव तासात झालं. बायको मागे उभी राहून वाचत होती. एरवी ते त्यांना आवडत नसे.

'ती. वहिनी, सा. नमस्कार. साबणाचा वास मला आठवत नाही. रंगही आठवत नाही. पुष्कळ शोधला, घरी करूनही पाहिला. हे लिहायची लाज वाटली म्हणून इतका उशीर झाला, दुसरं कारण नाही. मला आठवतं ते एवढंच. शाळेतून आलो की तुम्ही मोरीशी बसवून माझी शाईची बोटं एकेक करून धुवायचात, आणि म्हणायचात, "अहो भाऊजी, आता दुसरा हात." मला तोवर कुणी अहो म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, आपण कुणी तरी आहोत. पुढे मी चाळीस वर्षं ग्रंथालयात बसलो आणि चड्डीतल्या मुलांनासुद्धा अहो म्हणत आलो. मुलं हसायची. पण पुस्तकं जपून न्यायची. ते सगळं तुमच्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोबत घरी केलेल्या साबणाचा गोळा पाठवतो. तो आपला साबण नव्हे. इथल्या पुष्कळ लोकांचा त्याला हात लागलाय, एवढाच त्याचा गुण. रंगाकडे बघू नका.'

बायकोने शेवटपर्यंत वाचलं. ती आत गेली, एक न वापरलेला गोळा स्वच्छ फडक्यात बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "माझाही नमस्कार लिहा. खाली जागा आहे."

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एक जाड काचांच्या चष्म्याच्या बाई होत्या.

"आत काय आहे?"

"साबण."

"कुणी केलेला?"

"मी. म्हणजे, बऱ्याच जणांनी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. घरगुती साबण म्हणजे रसायन धरायचं की प्रसाधन, याचा त्यांनी शेजारच्या खिडकीत विचार घेतला. शेजारची खिडकी म्हणाली, रसायन. मग घटकांची यादी लागेल, तीन प्रतींत, बाई म्हणाल्या, आणि आता हा म्हातारा परत जाईल अशा समजुतीने पुढच्या माणसाकडे पाहू लागल्या.

ग्रंथपालांनी पिशवीतून कार्डांची चळत काढली. घटक, प्रमाण, तारीख, मुरण्याचा काळ, सोसायटीचं ना-हरकत पत्र, सोड्याच्या फॉर्मची प्रत. त्यावर 'प्रयोजन'पुढे चौथा चौकोन शाईने काढून त्यात 'साबण' लिहिलेलं होतं. बाईंनी एकेक कार्ड पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू मवाळ झाला.

"इतकं व्यवस्थित कुणी आणत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण साहेबांची सही लागेल, आणि साहेब आज रजेवर आहेत. पार्सल ठेवून जा, उद्या निघेल. मी स्वतः बघते."

"आणि हे पत्र? याला काय काय लागेल?"

"पत्राला?" बाईंना प्रश्नच कळला नाही. "पत्राला काही लागत नाही. बाहेर पेटी आहे, टाका त्यात."

ग्रंथपाल बाहेर आले. पेटीच्या फटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. 'पुष्कळ' हा शब्द दोनदा आलाय, तो एकदा काढायला हवा होता, असं त्यांच्या मनात आलं. मागे एक बाई हातात तीन पाकिटं घेऊन उभी होती.

"टाकताय ना, आजोबा?"

"अहो, टाकतोय, टाकतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी बोटं सोडली.